कंदधारी अरॉइडांसाठी माती आणि वाढीची परिस्थिती : प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी

सुरण आणि अळू यांच्या कुळातील, म्हणजेच अरेसी कुळातील (अरॉइड), कंदधारी वनस्पतींसाठी कुंडीतले माध्यम ठरवणे हे या हंगामाचे काम आहे. संग्रहातील सगळे कंद एकाच मिश्रणात लावणे सोयीचे असते, पण हे कंद एकाच परिस्थितीतून आलेले नाहीत आणि त्यांची विश्रांतीही एकाच कारणाने येत नाही. सुरण ज्या प्रजातीत मोडतो त्या अमॉर्फोफॅलसच्या बहुतेक जाती पावसाळी जंगलांतल्या आहेत. कोरड्या महिन्यांत त्या जमिनीखाली सुप्त राहतात आणि ऊब व ओलावा एकत्र आला की कोंब वर काढतात. ड्रॅकनक्युलस आणि अरमच्या पुष्कळ जाती भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या आहेत; तिथे हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा असल्यामुळे त्यांचे चक्र नेमके उलटे चालते. अरिसीमाच्या अनेक जाती डोंगरांतल्या थंड जंगलांत पालापाचोळ्याच्या थराखाली वाढतात. दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातून आलेल्या कॅलेडियमला गारठा सोसत नाही, आणि अळू, म्हणजे कोलोकेशिया, मुळे पाण्यात बुडालेली असतानाही उत्तम वाढतो.

इतका फरक असला तरी एक गोष्ट यांतल्या बहुतेकांना लागू पडते. हे कंद वर्षाचा मोठा भाग पानांविना आणि मुळांविना मातीत पडून असतात. ज्याला पाने नाहीत तो कंद पाणी ओढत नाही. घातलेले पाणी झाड पिऊन टाकेल, हा कुंडीतल्या इतर झाडांबाबतचा नेहमीचा हिशेब या कंदांना वर्षातले काही महिनेच लागू होतो. उरलेल्या काळात ते पाणी कंदाभोवती साचून राहते. म्हणून मातीच्या सुपीकतेचा विचार मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे. पाणी दिल्यानंतर कुंडीत वाफसा किती लवकर येतो, म्हणजे ओल टिकून असतानाच मातीत हवा पुन्हा कधी शिरते, हे आधी तपासायचे आहे.

१८ फेब्रुवारी

मिश्रणाचे घटक एकेक करून पाहिले.

कोकोपीट दिसायला सगळे सारखे असले, तरी क्षारांच्या बाबतीत त्यात फार फरक असतो. नारळाच्या काथ्याच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियम मोठ्या प्रमाणात असतात. त्यातले मोकळे क्षार साध्या पाण्याने धुऊन निघतात, पण भुशाच्या कणांनी धरून ठेवलेले क्षार केवळ धुण्याने सुटत नाहीत. ते सोडवण्यासाठी कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात भिजत ठेवावे लागते, म्हणजे कॅल्शियम त्यांची जागा घेतो, आणि मग पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे लागते. धुतलेल्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरवर मोजली आणि ती साध्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुणे चालू ठेवले. हे काम कंटाळवाणे आहे, पण नवी मुळे क्षारांना फार हळवी असल्यामुळे ते टाळण्यासारखे नाही.

झाडाची साल ३ ते १२ मि.मी. आकाराची घेतली. ताजी साल कुजताना मिश्रणातला नायट्रोजन ओढून घेते आणि पाने फिकी पडतात, त्यामुळे आधी काही काळ कुजवलेली, काळपट आणि मातीसारखा वास येणारी सालच वापरायची आहे. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि परलाइट (उष्णतेने फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे पांढरे दाणे) यांत माझा कल प्युमिसकडे आहे. परलाइट हलका असल्यामुळे पाणी देता देता वर तरंगत येतो, हंगामाच्या अखेरीस त्याचा एक पांढरा थर पृष्ठभागावर जमतो आणि कंदाच्या पातळीवर त्याचे प्रमाण घटते. त्याची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तो ओला करूनच चाळावा लागतो.

वाळूबद्दल एक स्पष्ट नोंद करून ठेवतो. निचऱ्यासाठी वाळू घालावी असे सरसकट सांगितले जाते, परंतु बारीक वाळू जाड मिश्रणातल्या पोकळ्या भरून काढते आणि हवा कमी करते. २ मि.मी.च्या चाळणीवर जी राहील तीच वाळू घ्यायची. खाली पडणारी या कामाची नाही.

२ मार्च

आज मिश्रणांतली हवा मोजली. पद्धत साधी आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी. कुंडीची भोके बंद करून तिच्यात मिश्रण नेहमीसारखे ठोकून भरायचे, मग सावकाश पाणी सोडत सगळ्या पोकळ्या भरू द्यायच्या. मिश्रण पूर्ण भिजून पाणी पृष्ठभागाशी आले की भोके उघडायची आणि ठिबकणे थांबेपर्यंत गळणारे पाणी भांड्यात धरायचे. जितके पाणी गळाले तितकी हवा आत शिरली. त्याला कुंडीच्या आकारमानाने भागले की हवेने व्यापलेल्या पोकळ्यांचे प्रमाण मिळते.

५ लिटरच्या कुंडीत बारीक कोकोपीट, गांडूळखत आणि पोयटा यांच्या मिश्रणातून ४०० मि.लि. पाणी गळाले, म्हणजे हवा ८ टक्के. साल आणि प्युमिसच्या जाड मिश्रणातून ११०० मि.लि. गळाले, म्हणजे २२ टक्के. दोन्ही मिश्रणे हातात घेतल्यावर भुसभुशीतच वाटतात; हाताला हा फरक कळत नाही.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट पाहिली. स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरला आणि त्याचे ठिबकणे थांबू दिले. मग तोच स्पंज, न पिळता, उभा केला; त्याच क्षणी खालच्या टोकातून पुन्हा धार लागली. कुंडीत हेच घडते. निचरा संपल्यावरही तळाशी काही उंचीपर्यंत माध्यम पूर्ण पाण्याने भरलेले राहते, आणि ही उंची कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसून माध्यमातल्या पोकळ्यांच्या आकारावर अवलंबून असते. पोकळ्या जितक्या बारीक, तितका हा चिंब थर उंच. उथळ कुंडीत तो थर कंदापर्यंत पोहोचतो. तेच मिश्रण उंच कुंडीत भरले तर कंद त्याच्या बराच वर राहतो.

तळाशी खडी घालण्याच्या प्रथेचा निकालही यातच लागतो. खडीच्या मोठ्या पोकळ्या वरच्या बारीक माध्यमातून पाणी ओढून घेऊ शकत नाहीत, त्यामुळे चिंब थर खडीच्या वर सरकतो आणि कंदाच्या आणखी जवळ येतो. या प्रकल्पात कोणत्याही कुंडीच्या तळाशी खडी घालायची नाही. भोकांवर जाळीचा तुकडा पुरेसा आहे.

९ मार्च

मिश्रणे ठरली. प्रमाणे आकारमानाने दिली आहेत.

मिश्रण ‘अ’ केवळ तुलनेसाठी आहे : दोन भाग बारीक कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग पोयटा. मिश्रण ‘ब’ अमॉर्फोफॅलस, सॉरोमॅटम (याच कुळातली आणखी एक प्रजाती) आणि कॅलेडियम यांच्यासाठी : तीन भाग साल, तीन भाग प्युमिस, दोन भाग पालापाचोळ्याचे खत, एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग गांडूळखत. मिश्रण ‘क’ ड्रॅकनक्युलस आणि अरम यांच्यासाठी खनिजप्रधान ठेवले आहे : तीन भाग प्युमिस किंवा बारीक खडी, दोन भाग पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग पालापाचोळ्याचे खत. उन्हाळाभर कोरड्या राहणाऱ्या कुंडीत सेंद्रिय भाग जास्त असला तर तो आक्रसतो, कुंडीच्या कडेने फट पडते आणि पुढे दिलेले पाणी त्या फटीतून निसटून जाते. खनिज भाग जास्त असला की तसे होत नाही.

अरिसीमासाठी ‘ब’ मध्येच पालापाचोळ्याचे खत वाढवून गांडूळखत काढून टाकले आहे.

‘ब’ मध्ये थोडी डोलोमाइटची, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त चुनखडकाची, भुकटी मिसळली. आग्नेय आशियातल्या अमॉर्फोफॅलसच्या अनेक जाती चुनखडकाच्या टेकड्यांवर, खडकांच्या फटींत साचलेल्या पाचोळ्यात वाढतात. त्या जागेचे वर्णन वाचले की दोन गोष्टी लक्षात येतात : पाचोळा आहे म्हणून अन्न आहे, आणि फट आहे म्हणून पाणी थांबत नाही. शिवाय साल आणि पाचोळा कुजताना सामू (पीएच) खाली जातो, त्याला डोलोमाइट आवर घालतो. ६ ते ६.५ सामू राखण्याचे ठरवले आहे. कॅलेडियमच्या कुंड्यांत डोलोमाइट घातलेले नाही, कारण त्याला किंचित आम्लधर्मी माध्यम मानवते.

२१ मार्च

साठवणीतले कंद बाहेर काढून तपासले. हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि खरचटलेल्या कंदाला हात लागला तर खाज बराच वेळ जात नाही.

निरोगी कंद हाताला जड आणि टणक लागतो. अंगठ्याने सगळीकडून दाबून पाहिला. जिथे अंगठा आत रुतला तिथे निर्जंतुक सुरीने पांढरा, स्वच्छ गर लागेपर्यंत कापले आणि कापलेल्या भागावर कोळशाची भुकटी लावून तो भाग हवेशीर सावलीत सुकत ठेवला. वर खपलीसारखी कोरडी त्वचा धरल्याशिवाय असा कंद मातीत जाणार नाही.

कोन्याक जातीचा, म्हणजे अमॉर्फोफॅलस कोन्याकचा, एक मोठा कंद भिंगाखाली पाहिला. वरच्या खोलगट भागात मधोमध गुलाबी डोळा आहे, आणि त्या डोळ्याभोवती गेल्या हंगामातल्या मुळांच्या गोल खुणा दाटीने आहेत. कंदाच्या बाजूला आणि तळाला अशी एकही खूण नाही. या वनस्पतींची मुळे कंदाच्या माथ्यावरून, कोंबाच्या बुडाशी फुटतात आणि तिथून आडवी पसरतात. याचा माती निवडण्याशी थेट संबंध आहे. ज्या मातीतून अन्नपाणी घेतले जाते ती कंदाच्या वर आणि बाजूला असते. कंदाच्या खालची माती फक्त त्याला टेकू देते, आणि तिथे कोरडेपणा हाच गुण ठरतो. ही वस्तुस्थिती ध्यानात न घेता कंदाखाली शेणखताचा थर घालणे म्हणजे जिथे मुळे नाहीत तिथे अन्न आणि जिथे धोका आहे तिथे ओल पुरवणे होय.

त्यामुळे ‘ब’ मिश्रणाच्या कुंड्या दोन भागांत भरायच्या ठरवल्या. कंदाच्या बुडाभोवती, मुठीएवढ्या जागेत, निव्वळ प्युमिस. माथ्याच्या पातळीपासून वर पूर्ण मिश्रण. प्युमिसचा हा कप्पा कुंडीच्या तळापासून बराच वर असल्यामुळे तळाच्या खडीविषयीचा आक्षेप त्याला लागू होत नाही, आणि त्याच्या चारही बाजूंनी मिश्रण अखंड असल्यामुळे पाणी अडून राहत नाही.

५ एप्रिल

लागवड केली. कुंडीची रुंदी कंदाच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट आणि उंची रुंदीपेक्षा जास्त, असे प्रमाण धरले. मुळे माथ्यावरून फुटत असल्यामुळे कंदावर भरपूर माती हवी. मोठ्या कंदांवर १० ते १२ सें.मी. आणि लहानांवर त्यांच्या उंचीच्या दुपटीइतकी माती घातली. माथ्याचा खळगा खोल असलेले कंद किंचित तिरपे बसवले, म्हणजे डोळ्यापाशी पाणी साचणार नाही. कोंब आपली दिशा शोधून सरळ वर येतो.

मिश्रण भरताना ते जेमतेम ओलसर होते. मूठ दाबल्यावर पाणी सुटत नव्हते. लागवडीनंतर पाणी दिलेले नाही आणि कोंब दिसेपर्यंत देणार नाही. लागवड केली की भरपूर पाणी द्यावे ही सवय इतर झाडांबाबत योग्य आहे, या कंदांबाबत घातक आहे. कोंब हलायला बाहेरच्या पाण्याची गरज लागत नाही. सॉरोमॅटमचा कंद तर मातीविना, पाण्याविना नुसता फडताळावर ठेवला तरी फुलतो.

२६ एप्रिल

१० सें.मी. खोलीवर मातीचे तापमान सकाळी २२ आणि दुपारी २७ अंश. कोन्याकच्या काही कुंड्यांत कोंबाचे टोक दिसू लागले. एका कुंडीत बोटाने माती बाजूला करून पाहिले. कोंबाच्या बुडाशी पांढरी, जाड मुळे बोटाच्या पेराएवढी झाली आहेत. आता पाणी सुरू केले, तेही आधी कुंडीच्या कडेने.

१४ मे

कॅलेडियमचे कंद आज लावले. मातीचे तापमान रात्रीही २१ अंशांच्या खाली जात नाही याची खात्री होईपर्यंत मुद्दाम थांबलो होतो. १५ अंशांखालच्या तापमानात या कंदांना इजा होते, आणि ती लगेच दिसत नाही. कंद वरून ठीक दिसतो, पण ओल्या मातीत गेल्यावर फुटण्याऐवजी मऊ पडतो. त्यामुळे कॅलेडियमच्या बाबतीत माती चांगली की वाईट हा निर्णय तापमानाच्या नोंदीशिवाय करता येत नाही. थंड मातीत ‘ब’ मिश्रणही अपयशी ठरेल आणि उबदार मातीत साधारण मिश्रणही बऱ्यापैकी चालेल.

८ जून

कोन्याकची पाने उघडली. अमॉर्फोफॅलसच्या बहुतेक जातींत एका कंदाला हंगामात एकच पान येते. ज्याला आपण खोड समजतो तो त्या पानाचा देठ असतो, आणि वरची छत्री हे त्याच पानाचे तीन भागांत विभागलेले पाते असते. पान मोडले तर त्या वर्षीची कमाई तिथेच थांबते. म्हणून कुंड्या वाऱ्याच्या आडोशाला आणि ५० टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवल्या आहेत.

पाणी कधी द्यायचे हे कुंडीच्या वजनावरून ठरवत आहे. पूर्ण भिजवून निथळलेल्या कुंडीचे वजन आणि पृष्ठभाग सुकल्यानंतरचे वजन या दोन मर्यादा प्रत्येक कुंडीवर लिहिल्या आहेत. ‘अ’ मिश्रणाचा पृष्ठभाग सुकलेला दिसतो तेव्हाही कुंडी उचलली की जड लागते. आत पाणी तसेच असते. ‘ब’ मिश्रणाच्या कुंड्यांना पान उघडल्यापासून जवळजवळ दुप्पट वेळा पाणी द्यावे लागत आहे. हा जाड मिश्रणाचा दोष मानला जातो, पण दर वेळी वरून जाणारे पाणी आपल्यामागून ताजी हवा आत खेचते, त्यामुळे मला तो फायदाच वाटतो. मात्र ज्यांना रोज लक्ष देणे शक्य नाही त्यांनी ‘ब’ मधले कोकोपीट दुप्पट करावे.

२ जुलै

गेले काही दिवस हवा दमट आहे, ऊन नाही आणि कुंड्या सुकत नाहीत. ‘अ’ मधल्या एका कोन्याकचे पान अवेळी पिवळे पडून कलले. कुंडी उपडी केली. मातीचा गोळा एकसंध निघाला आणि त्याचा खालचा तिसरा भाग काळपट होता. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. कंदाच्या माथ्यावरची मुळे वरच्या थरात पांढरी होती, पण जी खाली वळली होती ती तपकिरी पडून त्यांची साल बोटांत मोज्यासारखी निघून येत होती आणि आत नुसता धागा उरला होता. कंदाचा तळ मऊ झाला होता.

कारण समजून घेणे सोपे आहे. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. त्यातच माती उबदार असली की मुळांची आणि जिवाणूंची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. म्हणून ऊब आणि चिंब माती एकत्र आल्यावर कूज झपाट्याने होते. कूज घडवणारे सूक्ष्मजीव सर्वत्र असतातच. याच कुळातल्या झँटेडेशियाच्या (कॅला लिलीच्या) रंगीत फुलांच्या कंदधारी जातींत मऊ कूज करणारा पेक्टोबॅक्टेरियम हा जिवाणू याच परिस्थितीचा फायदा घेतो. औषधाने हा प्रश्न सुटत नाही, निचऱ्याने सुटतो.

कंदाचा मऊ भाग कापून काढला, उरलेला भाग सुकत ठेवला. ‘ब’ मधल्या कुंड्या त्याच छपराखाली, त्याच हवेत आहेत आणि त्यांची पाने ताठ आहेत.

मोठ्या कंदाला हा धोका अधिक, असे माझे मत झाले आहे, कारण त्याच्या आतल्या पेशी हवेपासून लांब असतात. सुमात्रातल्या अमॉर्फोफॅलस टायटॅनमचा एक कंद एडिनबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये २०१० साली तोलला तेव्हा १५३.९ किलो भरला होता. इतक्या आकाराच्या कंदाभोवती हवा खेळती ठेवणे किती काटेकोर काम असेल, याची कल्पना लहान कुंडीतला हा नासलेला तळ पाहिल्यावर येते.

२५ जुलै

अळूच्या कुंड्या पाण्याच्या ताटात ठेवल्या आहेत आणि त्या उत्तम वाढत आहेत. त्यासाठी ‘अ’ मिश्रणच वापरले, कारण इथे पाणी धरून ठेवणे हाच हेतू आहे. अळूच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा खाली पोहोचते. बुडालेल्या मुळांना ती पुरते. परंतु ताटातले पाणी उन्हाने तापू दिले तर अळूचीही मुळे कुजतात. पाणी वरचेवर बदलून आणि ताट सावलीत ठेवून ते गार राखत आहे.

अ‍ॅलोकेशियाची पाने अळूसारखीच दिसत असली, तरी त्याला ताटात ठेवलेले नाही. त्याच्या बहुतेक जातींना ‘ब’ मिश्रणच योग्य आहे.

१६ ऑगस्ट

‘ब’ मधल्या काही पानांचा हिरवा रंग फिका पडला आहे. सालीच्या कुजण्याने नायट्रोजन अडकल्याचे हे लक्षण आहे. कुंडीतून निथळलेल्या पाण्याची विद्युतवाहकताही कमी आली, म्हणजे अन्न खरोखरच संपत आले आहे. पातळ केलेले द्रवखत प्रत्येक पाण्यासोबत सुरू केले. जाड मिश्रण अन्न धरून ठेवत नाही, त्यामुळे एकदाच भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे आणि वारंवार द्यावे लागते. पान पूर्ण उघडल्यापासून ते पिवळे पडू लागेपर्यंतचा काळ हाच कंद भरण्याचा काळ आहे. त्याच्या उत्तरार्धात नायट्रोजन कमी करून पोटॅश वाढवायचे आहे.

अरिसीमाच्या कुंड्या मातीच्या आहेत आणि त्या ओल्या वाळूत अर्ध्या पुरल्या आहेत. कुंडीच्या अंगातून पाणी उडून जाताना मुळांशी गारवा राहतो. शेजारच्या प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा आतले तापमान दुपारी ४ अंशांनी कमी भरले. अरिसीमात मातीचा परिणाम पुढच्या वर्षीच्या फुलात दिसतो : अनेक जातींत कंद लहान असला तर नर फूल येते आणि कंद पुरेसा भरला तर मादी. यंदा नर फुले दिलेल्या कंदांना खूणचिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत.

१० सप्टेंबर

एका सुरणाच्या देठाच्या बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी गोळे दिसले. ही स्क्लेरोशियम रोल्फसाय बुरशी आहे. तिला अर्धवट कुजलेला सेंद्रिय पदार्थ आणि उबदार ओल आवडते. वरचा थर काढून टाकला, कुंडी वेगळी ठेवली आणि सर्व कुंड्यांत देठाभोवतीचे पाचोळ्याचे आच्छादन हटवून तिथे प्युमिसचा पातळ थर दिला. मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना आवरणारी उपयुक्त बुरशी) मिसळणे पुढच्या हंगामात लागवडीच्या वेळीच करायचे आहे.

४ ऑक्टोबर

कोन्याकची पाने पिवळी पडू लागली. खत बंद केले, पाणी निम्म्यावर आणले. पान स्वतःहून आडवे होईपर्यंत ते कापायचे नाही, कारण त्यातले अन्न अजून कंदात उतरत असते.

याच आठवड्यात ड्रॅकनक्युलस आणि अरमचे कंद ‘क’ मिश्रणात लावले. त्यांच्यासाठी वर्ष आता सुरू होते. हे कंद खोल लावले, १५ सें.मी.पर्यंत, अरमची आकुंचन पावणारी मुळे कंदाला हळूहळू खाली ओढून नेतात, तेव्हा उथळ लावण्यात काही अर्थ नाही. कुंड्या मोकळ्या, उजेडाच्या आणि गार जागी ठेवल्या.

८ नोव्हेंबर

सुकलेल्या कुंड्या मोकळ्या केल्या. ‘ब’ मधून निघालेल्या कोन्याकच्या कंदांच्या तळाशी गेल्या वर्षीच्या कंदाचा अवशेष चिकटलेला होता, चामड्यासारखा चपटा आणि कोरडा. बोटाने ढकलताच तो सुटून आला आणि खालची त्वचा स्वच्छ निघाली. नवा कंद दरवर्षी जुन्याच्या माथ्यावर तयार होतो आणि जुना संपतो. ‘अ’ मधल्या कुंड्यांत हाच अवशेष ओला, चिकट राहिला होता आणि त्याने नव्या कंदाच्या तळालाही डाग पाडला होता. प्युमिसच्या कप्प्याचा उपयोग मला इथे सर्वांत स्पष्ट दिसला : जुना कंद सडण्याऐवजी सुकला.

वजनाच्या बाबतीत निकाल इतका एकतर्फी नाही. ‘अ’ मधले जे कंद वाचले त्यांतले काही ‘ब’ मधल्यांच्या बरोबरीने भरले आहेत, आणि एक तर अधिक. अन्न आणि ओल यांचा साठा ‘अ’ मध्ये जास्त होता हे त्याचे कारण. म्हणजे ‘अ’ चा दोष वाढीत नाही, जोखमीत आहे. कॅलेडियमने ‘ब’ मध्ये पाने चांगली दिली, पण कंद अपेक्षेपेक्षा लहान राहिले. बारीक मुळांच्या या वनस्पतीला मिश्रण जास्तच जाड झाले असावे.

‘ब’ च्या मुळांची ठेवणही नोंदण्यासारखी आहे. जवळजवळ सगळी वाळलेली मुळे कंदाच्या पातळीपासून वरच्या थरात, कुंडीच्या कडेपर्यंत आडवी पसरलेली होती.

२० नोव्हेंबर

पुढच्या हंगामासाठी बदल ठरले. अमॉर्फोफॅलसच्या ‘ब’ मध्ये साल एक भागाने कमी आणि कोकोपीट एक भागाने जास्त; खताच्या गोळ्या फक्त वरच्या थरात मिसळायच्या. आवरण असलेल्या या गोळ्यांतून अन्न सुटण्याचा वेग तापमानावर ठरतो, तेव्हा पान उघडण्याच्या सुमारास उबदार मातीत त्या आपोआप कामाला लागतील. मुळे आडवी पसरतात म्हणून मोठ्या कंदांसाठी अधिक रुंद कुंड्या, उंची तीच. कॅलेडियमसाठी वेगळे मिश्रण : ६ मि.मी.खालची साल, प्युमिस, कोकोपीट आणि पालापाचोळ्याचे खत समप्रमाणात. ‘क’ मध्ये तूर्त बदल नाही. त्याचा निर्णय वसंतात, ड्रॅकनक्युलस सुप्त झाल्यावर.

जुने मिश्रण पुन्हा वापरायचे नाही. साल एका हंगामात झिजून बारीक होते. जुन्या ‘ब’ मध्ये हवा पुन्हा मोजली तेव्हा ती १६ टक्क्यांवर आली होती. ते मिश्रण अळूच्या कुंड्यांत जाईल, फक्त स्क्लेरोशियम दिसलेल्या कुंडीतले मिश्रण बाहेर टाकले.

१४ डिसेंबर

साठवणीची पाहणी. मोठे कंद जाळीच्या ट्रेमध्ये, एकमेकांना न टेकता, १५ ते १८ अंशांत उघडे ठेवले आहेत. लहान कंद आणि पिल्ले उघडी ठेवता येत नाहीत; आकाराच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ती लवकर सुरकुततात, म्हणून ती अगदी किंचित ओलसर कोकोपीट आणि परलाइटच्या डब्यांत ठेवली आहेत. कॅलेडियमचा डबा घरातल्या सर्वांत उबदार फडताळावर आहे, कमाल-किमान तापमापकासह.

दोन कंदांच्या माथ्याच्या खळग्यात पिठ्या ढेकूण सापडले. मऊ ब्रशने स्पिरिट लावून काढले, ते कंद वेगळ्या ट्रेमध्ये ठेवले आणि बाकीच्या सर्वांचे माथे भिंगाने तपासले. हीच तपासणी दर पंधरवड्याला करायची आहे. अरमची पाने बाहेर कुंडीत वर आली आहेत. त्यांना आज पाणी दिले.